हे कुणाला कळायला हवं? ऑफिसातल्या बोलण्या-लिहिण्याची कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी

पावसाळ्यातला एक सोमवार. सकाळी पावणेसातला आमच्या कारखान्याच्या शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुपरवायझरने एका ऑपरेटरच्या वैद्यकीय दाखल्याचा फोटो टाकला. खाली ओळ होती: 'हे आठ दिवस येणार नाहीत, चार नंबर मशीनवर बदली माणूस द्या.' सुपरवायझरच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला बदली माणूस हवा होता आणि रजा खरी आहे हे दाखवायचं होतं. पण डॉक्टरांनी त्या दाखल्यावर आजाराचं नाव लिहिलं होतं, मानसोपचाराची औषधं सुरू असल्याचंही लिहिलं होतं. ग्रुपमध्ये एकशे चाळीस माणसं होती.

त्या ग्रुपची अॅडमिन मी होते. मी फोटो पाहिला तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि चहाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये तोच विषय सुरू होता. फोटो लगेच काढून टाकला, पण तोवर तो कितीतरी जणांच्या गॅलरीत उतरला होता. आठ दिवसांनी तो माणूस कामावर आला. डबा खाताना नेहमी त्याच्या शेजारी बसणारे दोघे उठून पलीकडच्या बाकावर गेले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आस्थापना विभागात काम करून मला एकोणीस वर्षं झाली. सध्या मी दोन ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणूनही जाते. या सगळ्या काळात जी प्रकरणं हाताबाहेर गेली, त्यातली बरीचशी खोटं बोलल्यामुळे गेली नाहीत. खरी गोष्ट, पण ज्याला कळायचं कारण नव्हतं त्याला कळली, म्हणून गेली. म्हणून संदेश पाठवण्याआधी 'हे खरं आहे का?' याच्या जोडीला 'हे कुणाला कळायला हवं?' हा प्रश्न विचारायची सवय मी लावून घेतली. आपले कायदे बारकाईने वाचले तर तेही पुन्हापुन्हा याच प्रश्नापाशी येतात. खाली जो क्रम देते आहे तो मी स्वतः वापरते. लहान कारखाना, दवाखाना, पतसंस्था, शाळा, आयटी कंपनी, कुठेही तो चालतो. प्रत्यक्ष वाद उभा राहिला तर मात्र वकिलाकडे जायलाच हवं.

पहिली पायरी: ग्रुप झाडून घ्या

एक दुपार काढा आणि कामाच्या नावाने जेवढे ग्रुप चालू आहेत त्यांची यादी करा. आमच्याकडे तेवीस निघाले. त्यातल्या सहांमध्ये नोकरी सोडून गेलेली माणसं होती, एकात तर आता आमच्या स्पर्धकाकडे काम करणारा गृहस्थ दोन वर्षं रोजचं उत्पादन वाचत होता. त्याचा दोष नाही, त्याला कुणी काढलंच नव्हतं. राजीनामा मंजूर झाल्यावर ओळखपत्र, लॉकरची किल्ली आणि युनिफॉर्म परत घेतो, त्याच यादीत 'ग्रुपमधून नाव कमी केलं' ही ओळ घाला आणि त्यापुढे सही घ्या.

मग प्रत्येक ग्रुपचं काम एका वाक्यात ठरवा आणि ते ग्रुपच्या वर्णनात लिहा: 'फक्त शिफ्ट, मशीन आणि गाडीच्या वेळा.' रजेची कारणं, पगार, तक्रारी, कुणाच्या चुका या गोष्टी ग्रुपवर येणार नाहीत, एवढं तिथेच स्पष्ट करा.

अॅडमिनच्या जबाबदारीबद्दल लोकांच्या मनात नाहक भीती आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून अॅडमिनवर फौजदारी जबाबदारी येत नाही; दोघांचा तसा समान हेतू किंवा आधीच ठरवलेला बेत दिसायला हवा. तेव्हा घाबरून ग्रुप सोडायची गरज नाही. पण तुरुंगात जावं लागणार नाही म्हणजे जबाबदारी संपली असंही नाही. ऑफिसच्या ग्रुपवर एखाद्या सहकारी बाईबद्दल गलिच्छ विनोद रोज येतात आणि मॅनेजर अॅडमिन असून गप्प बसतो, तेव्हा सुरक्षित वातावरण देण्याची जी जबाबदारी मालकावर आहे ती तिथे पाळली जात नाही. काढा, काढल्याचं सांगा आणि टाकणाऱ्याला वेगळं बोलावून समजवा.

दुसरी पायरी: कोणती गोष्ट कुठे

साधा नियम पुरतो. कौतुक चारचौघांत करावं, चूक एकट्याला सांगावी. मशीनची वेळ ग्रुपवर, माणसाची गोष्ट समोरासमोर. ज्याचा पुढे पुरावा लागेल ते ईमेलवर किंवा कागदावर, आणि ज्याने एखाद्याची नोकरी, पगार किंवा अब्रू धोक्यात येईल ते कागदावरच, आवक-जावक रजिस्टरमध्ये नोंद करून.

काही गोष्टी लेखी देणं ही तुमची मर्जी नसते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि नियुक्तीपत्र देणं बंधनकारक झालं. 'तुम्ही या सोमवारपासून, कागदाचं नंतर बघू' हे वाक्य आता बंद करायला हवं. प्रसूती लाभाच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने आणखी एक सक्ती आणली, जी फार थोड्या ठिकाणी पाळलेली मी पाहिली आहे: नोकरीवर घेताना प्रत्येक स्त्रीला तिला मिळणारे लाभ लेखी आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही रीतींनी कळवायचे. २६ आठवड्यांची रजा मिळते हे तिला शेजारणीकडून कळावं, यात आपलीच कसूर आहे.

ईमेलच्या बाबतीत 'सीसी'चा विचार करा. सहकाऱ्याची चूक दाखवताना त्याच्या साहेबाला, साहेबाच्या साहेबाला आणि ग्राहकाला सीसीत ठेवणं म्हणजे त्याला चौकात उभं करणं. आधी त्याला एकट्याला लिहा, दोन दिवस द्या. उत्तर आलं नाही तर वर लिहा, आणि वर लिहिलं आहे हे त्याला कळू द्या. बीसीसीत गुपचूप कुणाला ठेवू नका. ते उघडकीला येतंच, आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याच ईमेलवर कुणी विश्वास ठेवत नाही.

तिसरी पायरी: शब्द

दोन मसुदे बघा. पहिला मी स्वतः नवीन असताना लिहिला होता:

'तुम्ही नेहमीच उशिरा येता, तुम्हाला कामाची अजिबात किंमत नाही, हे शेवटचं सांगणं आहे.'

आज तोच असा लिहीन:

'या महिन्यात ४, ९ आणि १७ तारखेला आपण सकाळी ७ च्या शिफ्टला अनुक्रमे ७.३५, ७.५० आणि ७.४० ला आलात. त्यामुळे रात्रपाळीच्या ऑपरेटरला थांबावं लागलं. काही अडचण असेल तर मला गुरुवारपर्यंत भेटून सांगावी. अडचण नसेल तर पुढच्या आठवड्यापासून वेळेवर यावं.'

पहिल्या पत्रात स्वभावावर शेरा आहे, दुसऱ्यात घड्याळ आहे. स्वभावावरच्या शेऱ्याला माणूस फक्त भांडू शकतो. घड्याळाला उत्तर देऊ शकतो. त्या माणसाची आई दवाखान्यात होती आणि तो पहाटे तिथून थेट येत होता, हे मला पहिलं पत्र देऊन झाल्यावर कळलं.

मराठीत तर संबोधनच अर्धं काम करतं. सफाई कामगाराला पन्नाशीतही 'अरे' आणि पंचविशीतल्या इंजिनियरला 'अहो', हे आपल्याकडे इतकं सवयीचं आहे की दिसतही नाही. यावर कायदा नाही. पण माझ्या विभागात मी सगळ्यांना अहो-जाहो सुरू केलं तेव्हा पहिल्या महिन्यात लोक अवघडले आणि दुसऱ्या महिन्यात एका मावशींनी आयुष्यात पहिल्यांदा लेखी सूचना दिली: लॉकर रूमच्या दिव्याबद्दल.

आणि एक प्रश्न आपण हसत विचारतो: 'आडनाव काय? म्हणजे मूळ गाव कुठलं?' नव्या माणसाला तो गावाचा प्रश्न नाही हे पक्कं ठाऊक असतं. मुलाखतीत, ओळख करून देताना, डबा खाताना, हा प्रश्न विचारू नका. याच्या पुढची पायरी गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा अपमान करण्याच्या हेतूने लोकांच्या देखत तिला हिणवणं किंवा जातीवाचक शिवी देणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शॉपफ्लोअरवर, कॅन्टीनमध्ये, दहा जणांच्या बैठकीत 'मी रागात बोललो' म्हटल्याने तो धुतला जात नाही.

चौथी पायरी: दुसऱ्याची माहिती आपल्याकडे ठेव म्हणून असते

आस्थापना विभागाच्या कपाटात माणसाचं सगळं आयुष्य असतं: आधार, बँक खातं, आजार, घटस्फोट, कर्ज, जप्तीचे आदेश. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि टप्प्याटप्प्याने तो लागू होतो आहे. माहिती सुरक्षित राखण्याची पुरेशी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नोकरीच्या कामापुरती माहिती वापरायची मुभा मालकाला आहे. कामापुरती, हा त्यातला महत्त्वाचा शब्द.

रोजच्या व्यवहारात याचा अर्थ असा. वैद्यकीय दाखला थेट आस्थापनेकडे किंवा कारखान्याच्या डॉक्टरांकडे जावा; सुपरवायझरला फक्त 'रजा मंजूर, अमुक ते अमुक तारीख' एवढं कळावं. त्या सोमवारनंतर आम्ही हाच नियम केला. आधारची प्रत हवी असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारी मास्क्ड प्रत घ्या. वाढदिवसाच्या यादीत जन्मवर्ष आणि मोबाइल नंबर कशाला? पगारपत्रकाच्या एक्सेल फाइलला पासवर्ड द्या आणि तो पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहू नका.

एचआयव्हीच्या बाबतीत कायदा फार कडक आहे आणि तो तसाच असायला हवा. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एखाद्याला त्याची एचआयव्ही स्थिती सांगायची सक्ती करता येत नाही आणि ती माहिती हाताशी आलेल्या माणसाने त्याच्या लेखी संमतीशिवाय पुढे सांगायची नसते. एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारणं किंवा काढून टाकणं हा भेदभाव ठरतो. विमा कंपनीच्या पाकिटातून अशी माहिती तुमच्या टेबलावर आली तर पाकीट बंद करा, कपाटात ठेवा, आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीलाही सांगू नका.

बँकेतून कर्जाच्या चौकशीचा फोन येतो तेव्हा गडबड होते. 'अमुक तुमच्याकडे आहेत ना? पगार किती?' फोनवरचा माणूस बँकेचाच आहे हे तुम्हाला कसं कळणार? मी एकच उत्तर देते: 'बँकेच्या अधिकृत ईमेलवरून विचारा, कर्मचाऱ्याची संमती जोडा, मी लेखी कळवते.' खऱ्या बँकेला यात अडचण येत नाही. एकदा अशाच फोनवर एका मुलीच्या शिफ्टच्या वेळा विचारल्या गेल्या. फोन तिच्या सासरहून होता. ती घर सोडून आली होती.

हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीत बसून युरोपातल्या ग्राहकांची माहिती हाताळणाऱ्यांना तिथला माहिती संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, हाही लागू पडतो, बहुधा कंपनीच्या करारातून. 'जरा डेटा बघायला पाठव' म्हणून ग्राहकाची फाइल स्वतःच्या खासगी ईमेलवर टाकणं किंवा एखाद्या एआय चॅटबॉटमध्ये चिकटवून सारांश मागणं, हे दोन्ही माहिती बाहेर नेणंच आहे.

पाचवी पायरी: ती तक्रार घेऊन येते तेव्हा

इथे मी थांबून लिहिणार आहे, कारण इथे पहिल्या दहा मिनिटांत जे बोललं जातं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

कायद्याची पार्श्वभूमी थोडक्यात. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वं दिली, २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच: अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, किमान अर्ध्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरची. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. छळ म्हणजे फक्त स्पर्श नव्हे. नकोसे शेरे, अश्लील चित्र दाखवणं, लैंगिक मागणी, नकोशी वाटणारी कुठलीही शाब्दिक किंवा हावभावाची कृती यात येते. रात्री साडेअकराला 'झोपलीस का? फोटो छान आहे' हा मेसेज खासगी फोनवरून आला तरी तो पाठवणारा तिचा टीम लीडरच असतो.

ती येते तेव्हा दार लोटा, पूर्ण बंद करू नका, पाणी द्या, फोन बाजूला ठेवा. मी साधारण असं बोलते: 'तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. मी ऐकते आहे. लेखी तक्रार द्यायची की नाही हे तुम्ही ठरवायचं. लिहायला जड जात असेल तर समिती मदत करेल. तुम्ही जे सांगाल ते ज्यांना कळणं कायद्याने गरजेचं आहे त्यांच्यापलीकडे जाणार नाही.' शेवटचं वाक्य नीट तोलून म्हटलेलं आहे. 'कुणालाच कळणार नाही' असं वचन देऊ नका. ते खोटं ठरतं, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारीची प्रत द्यावीच लागते.

'त्याचा स्वभावच तसा आहे', 'तेव्हाच का नाही बोललीस?', 'लग्न ठरलंय ना तुझं, कशाला वाढवतेस?' ही वाक्यं मी शिकल्या-सवरलेल्या अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहेत. त्यातलं तिसरं सर्वांत प्रेमाने बोललं जातं आणि सर्वांत जास्त इजा करतं.

मुदती तिला स्पष्ट सांगा. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं. समिती सात कामकाजी दिवसांत प्रत समोरच्याला देते, त्याने दहा कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर १० दिवसांत, मालकाची कारवाई ६० दिवसांत. चौकशी सुरू असताना तिने मागितलं तर दोघांपैकी एकाची बदली किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. समेट फक्त तिने मागितला तरच, आणि पैसे घेऊन समेट नाही. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती असं कायदा मानत नाही, हेही सांगा. या एका भीतीमुळे कितीतरी जणी गप्प राहतात.

गुप्ततेचं कलम सोळावं आहे. तक्रारदार, समोरचा माणूस आणि साक्षीदार यांची नावं किंवा ओळख, चौकशीतल्या गोष्टी, शिफारस, कारवाई, यांतलं काहीही जाहीर करायचं नाही. ते फोडलं तर फोडणाऱ्याकडून पाच हजार रुपये वसूल करण्याची तरतूद आहे. रक्कम लहान वाटते, पण समितीच्या सदस्याने जेवणाच्या टेबलावर 'काल काय झालं माहिती आहे?' म्हटलं की चौकशीवरचा दोन्ही बाजूंचा विश्वास जातो, आणि तो पाच हजारांत परत येत नाही. समितीच्या बैठकीची सूचना पाठवताना विषयात नाव लिहू नका. आम्ही फक्त क्रमांक लिहितो.

समोरच्या माणसालाही न्यायाने वागवायचं असतं, हे मी इतक्याच कळकळीने सांगेन. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी चौकशी पुन्हा समितीकडे पाठवली, कारण शेवटच्या टप्प्यात घाई केली गेली आणि त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही. म्हणजे तक्रारदारांनाही कितीतरी वर्षांनी पुन्हा त्याच चौकशीतून जावं लागतं. घाईने कुणाचंच भलं होत नाही. चौकशी संपेपर्यंत त्याला 'आरोपी' म्हणू नका. कागदोपत्री 'प्रतिवादी' म्हणा आणि बोलण्यात त्याच्या नावाने उल्लेख करा.

सहावी पायरी: कारणे दाखवा नोटीस

नोटिशीत पाच गोष्टी हव्यात: काय घडलं, कधी आणि कुठे, कोणता नियम मोडला, उत्तराला किती दिवस, उत्तर कुणाकडे द्यायचं. शिक्षा त्यात लिहू नका. 'आपल्याला कामावरून का काढू नये' असं आधीच लिहिलं की निकाल ठरवून मग चौकशी केली असं दिसतं, आणि बऱ्याचदा ते तसंच असतं.

भाषा त्या माणसाची हवी. आमच्याकडे एका हेल्परने इंग्रजी नोटीस तीन दिवस खिशात घेऊन फिरवली, शेवटी मुलाच्या शाळेतल्या बाईंकडून वाचून घेतली. तोवर उत्तराची मुदत संपली होती. मराठी कामगाराला मराठीत द्या, ओडिशाहून किंवा बिहारहून आलेल्याला त्याला कळेल अशा भाषेत द्या आणि वाचून दाखवा. वाचून दाखवल्याची नोंद करा.

सही घेताना त्याला सांगा की ही फक्त मिळाल्याची पोहोच आहे, कबुली नाही. 'मिळाले, मजकूर मान्य असेलच असं नाही' असं लिहून त्याने सही केली तर रागावू नका. तो त्याचा हक्क आहे. घ्यायलाच नकार दिला तर दोन साक्षीदारांसमोर नोंद करून घरच्या पत्त्यावर पाठवा. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं आहे, तेव्हा जुन्या मसुद्यातलं 'रजि. पो.' बदलून घ्या. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवण्याला काही अर्थ नाही असं मात्र नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात निळ्या खुणांवरून नोटीस मिळाली आणि उघडली गेली असं मानलं होतं. पण ते टपालाच्या जोडीला ठेवा, त्याच्याऐवजी नको. आणि नोकरी संपल्याचा निरोप कुणालाही फोनच्या पडद्यावर पहिल्यांदा वाचायला लावू नका. बोलवा, बसवा, सांगा, मग पत्र द्या.

सातवी पायरी: तक्रार आणि बदनामी यांच्यातली रेघ

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामी कलम ३५६ मध्ये आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. त्याचे अपवाद नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने वाचावेत. सद्भावनेने, ज्याला चौकशीचा अधिकार आहे त्याच्याकडे केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. वरिष्ठाने आपल्या अधिकारातल्या बाबीत सद्भावनेने दिलेली समजही ठरत नाही. तेव्हा 'स्टोअरकीपर भंगारात घोळ करतो आहे असं मला वाटतं, ही चलनं तपासावीत' हे पत्र मॅनेजरला लिहिलं तर कायदा तुमच्या पाठीशी आहे. तेच वाक्य शिफ्टच्या ग्रुपवर टाकलं तर तुम्हीच अडचणीत. मजकूर एकच, पत्ता वेगळा.

माजी कर्मचाऱ्याबद्दल दुसऱ्या कंपनीतून विचारणा झाली तर कागदावर असलेलंच सांगा: पद, कालावधी, राजीनामा की अन्य कारण. 'आपल्यातच राहू दे, पण माणूस जरा...' ही कुजबुज कुणाची भाकरी हिरावू शकते आणि त्याला ती कधी कळतही नाही. उत्तर देण्याची संधीच नाही, म्हणून मला ती सगळ्यांत वाईट वाटते.

आठवी पायरी: पुरावा जपणं

वाद सुरू झाला की दोन्ही बाजू मेसेज पुसायला लागतात. पुसू नका. तक्रार आली त्या दिवशी आयटी विभागाला लेखी कळवा की अमुक माणसांचे ईमेल, हजेरीची नोंद आणि सीसीटीव्ही जपून ठेवा. सीसीटीव्हीवर जुन्या चित्रीकरणावर नवं चढतं, तिथे एक आठवडाही उशीर होऊ शकतो.

स्क्रीनशॉट पुरेसा असतो असा बहुतेकांचा समज आहे. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र हवंच. ते कलम आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ६३ व्या क्रमांकावर आहे आणि प्रमाणपत्राच्या नमुन्याचे दोन भाग आहेत: एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. म्हणून ज्या फोनवर मेसेज आला तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, संपूर्ण चॅट तारखांसह काढून ठेवा. मधलाच एक मेसेज कापून दाखवू नका. आधीचे-नंतरचे दहा असू द्या, ते तुमच्या विरोधात जात असले तरी.

चूक झाल्यावर

होणारच. पगारपत्रक सगळ्यांना गेलं, चुकीच्या ग्राहकाला कोटेशन गेलं, फोटो पडला. पहिल्या तासात तीन कामं: पसरणं थांबवा, वरिष्ठांना स्वतः जाऊन सांगा, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला इतर कुणाकडून कळण्याआधी तुम्ही कळवा. संगणकावर हल्ला झाला किंवा माहिती चोरीला गेली असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार तिला सहा तासांत कळवावं लागतं. युरोपातल्या माहितीची गळती असेल तर जीडीपीआरमध्ये ७२ तासांची मुदत आहे, म्हणजे ग्राहकाला त्याच्याही आधी सांगायला हवं. साहेबांच्या नावाने आलेल्या बनावट ईमेलवर पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तिथे मिनिटांना किंमत असते.

माफी मागताना 'जर कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' असं म्हणू नका. दुखावल्या आहेत. काय केलं ते म्हणा, त्याचा काय परिणाम झाला ते म्हणा, आता काय बदललं ते म्हणा.

त्या ऑपरेटरची माफी मी तो परत आला त्याच दिवशी मागितली. फोटो माझ्या ग्रुपवर पावणेतीन तास राहिला हे सांगितलं, दाखल्यांचा नवा नियम दाखवला, आणि म्हटलं की संध्याकाळी ग्रुपवर सगळ्यांसमोर तुमची माफी मागते. मला ते धैर्याचं वाटत होतं. त्यांनी मान हलवली.

'ग्रुपवर नको, मॅडम. निम्म्या लोकांनी तो फोटो उघडलाही नसेल. तुम्ही लिहिलंत की ते वर जाऊन शोधतील.' थोडं थांबून म्हणाले, 'माझ्या शेजारी जेवायचे ते दोघे आहेत ना, त्यांच्याशी तेवढं बोला.'

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी मी त्या दोघांना केबिनमध्ये बोलावलं.